डोरिस आजींच्या नव्वदीची बिअर

कुटुंबाच्या पानावर बिअरचा लेख? वाचकहो, तुमच्या भुवया उंचावल्या असतील तर त्यात तुमची काही चूक नाही. वीस वर्षांपूर्वी असा लेख माझ्यासमोर आला असता तर मीसुद्धा पान उलटलं असतं. कदाचित संपादकांना एक खरमरीत पत्रही धाडलं असतं. पण आज मी स्वतःच तो लिहायला बसले आहे. का, ते सांगते.

आमच्या माहेरी दारूचा विषय निघाला की सगळे गप्प होत. कारण दादा. माझा थोरला भाऊ. हाताने कुशल, गळ्याने गोड, भजनात टाळ धरला की मंडळी डोलायची. उद्यमबागेत एका फौंड्रीत कामाला होता. पाळी सुटली की वाटेवर सारायीचं दुकान. प्लॅस्टिकच्या पाकिटातली ती सारायी, दातांनी कोपरा फाडायचा आणि घशात ओतायची. दुकानदार उधारीवर द्यायचा आणि पगाराच्या दिवशी वही घेऊन दारात उभा राहायचा. १९९८ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी दादा गेला. वहिनीने शिलाईच्या मशीनवर दोन मुली वाढवल्या. पुढे १ जुलै २००७ पासून कर्नाटकात सारायी बंद झाली. त्या दिवशी वहिनी एवढंच म्हणाली, "नऊ वर्षं उशीर झाला बघा, वन्सं."

तर अशा घरातली मी. आणि माझा एकुलता एक मुलगा २००९ साली फोनवर काय सांगतो, तर "आई, इथे दर शुक्रवारी आम्ही मित्र बिअर प्यायला जातो. छोट्या छोट्या ब्रुअऱ्यांच्या. मी आवडत्या बिअरची वहीच केली आहे." मला पुढचं काही ऐकूच आलं नाही. डोळ्यांसमोर एकच वही आली, दुकानदाराची. महिनाभर मी त्याच्याशी बोलले नाही. फोन आला की 'ह्यांच्या' हातात द्यायचा आणि स्वयंपाकघरात निघून जायचं.

सीमेवरून सीमेवर

मुलगा होता कार्लाइलला. इंग्लंडच्या अगदी वरच्या टोकाला, स्कॉटलंडच्या हद्दीलगतचं शहर. म्हणजे तेही आपल्यासारखंच सीमाभागातलं! किल्ला आहे, जुनी तटबंदी आहे, आणि शेकडो वर्षं हे शहर कधी या राज्याचं, कधी त्या राज्याचं. बेळगावकराला हे वेगळं समजावून सांगायला नको.

२०११ साली सूनबाईचं बाळंतपण आलं आणि मला जावं लागलं. सून धारवाडची. घरात आम्हा दोघींचं बोलणं अर्धं मराठी, अर्धं कन्नड. बाळ तीन महिन्यांचं झालं तेव्हा एका रविवारी मुलगा म्हणाला, "आज जेवायला बाहेर जाऊ. हेस्केट न्यूमार्केटला." कुठे, म्हणून विचारलं तर म्हणाला, "ओल्ड क्राउन. पब आहे."

मी सरळ नाही म्हटलं. तान्ह्या बाळाला घेऊन गुत्त्यावर? तेव्हा सूनच पुढे आली. "अत्ती, तुम्ही एकदा बघा. नाही आवडलं तर बाळाला घेऊन आपण दोघी गाडीत बसू. ह्यांना एकट्यालाच जेवू दे." हा सौदा मला पटला.

कार्लाइलपासून वीस-बावीस किलोमीटरवरचं ते खेडं. भोवती लेक डिस्ट्रिक्टचे उत्तरेकडचे डोंगर, दगडी घरं, मधोमध हिरवळ. पब म्हणजे एखाद्या घराच्या दोन ठेंगण्या खोल्या वाटाव्यात. आत बघते तर शेगडीपाशी एक आजी वर्तमानपत्र वाचते आहे, टेबलाखाली कुत्रा झोपला आहे, दोन पोरं चित्रं रंगवताहेत. बाळाला बघून तीन बायका उठून आल्या. दादाच्या त्या दुकानापुढे मी लहानपणापासून बाई उभी राहिलेली पाहिली नव्हती. होती ती फक्त नवऱ्याला शोधायला आलेली.

हे तर विरजण!

पबच्या मागे एक जुनं कोठार आहे. १९८८ साली त्यात पबचालक दांपत्याने छोटी ब्रुअरी सुरू केली. मुलाने आधी विचारून ठेवलं होतं, म्हणून आम्हाला ती बघायला मिळाली. तिथल्या माणसाने माझ्या हातावर मूठभर दाणे ठेवले. मी एक चावून बघितला. गोडसर, खमंग. "अगं, ही तर मोड आणलेली नाचणी!" मी सुनेला म्हटलं. फरक इतकाच की नाचणीऐवजी बार्ली. भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची, भाजायची. आपण बाळासाठी नाचणीसत्त्व करतो त्याच वाटेने. याला ते माल्ट म्हणतात. तो भरडून गरम पाण्यात मुरवला की गोड पाणी सुटतं. ते हॉप नावाच्या वेलीच्या फुलांबरोबर उकळायचं. हॉपने कडवटपणा येतो, वास येतो आणि बिअर टिकतेही. मग निववून त्यात यीस्ट घालायचं.

"आणि यीस्ट कुठून आणता?" मी विचारलं. मुलाने भाषांतर केलं. माणूस म्हणाला, मागच्या घाण्यातलं थोडं राखून ठेवतो, तेच पुढच्याला.

सून हसायलाच लागली. "अत्ती, इदु नम्म हेप्पु इद्दंग!" खरंच की. काल रात्रीच्या दह्यातलं चमचाभर उद्याच्या दुधाला. माझ्या सासूबाईंनी विरजण कधी मोडू दिलं नाही, आणि इथे ही माणसं तेच करत होती.

त्यापुढचं मात्र मला नवं होतं. आपल्याकडे बाटलीत मिळते ती बिअर गाळलेली आणि तापवून निर्जंतुक केलेली असते. बुडबुडे येतात ते भरलेल्या वायूचे. ती महिनोन्‌महिने तशीच राहते. मुलाच्या वहीतली बिअर म्हणजे 'रिअल एल'. ती पिंपात जाते तेव्हा आत यीस्ट जिवंत असतं. पबच्या तळघरात पोचल्यावरही ती आंबतच असते. नेहमीच्या पिंपात नऊ गॅलन, म्हणजे साधारण ४१ लिटर मावतात. तळघरात ११ ते १३ अंश थंडावा राखायचा, पिंपाच्या वरच्या भोकात सच्छिद्र लाकडी खुंटी ठोकून जास्तीचा वायू हळूहळू जाऊ द्यायचा, गाळ तळाशी बसू द्यायचा आणि मग वरच्या खोलीतल्या दांडीने, आपल्या हापशासारखं, हाताने खेचून पेल्यात घ्यायची. एकदा पिंप लागलं की तीनेक दिवसांत संपवायला हवं, नाही तर आंबट होते. इडलीचं पीठ तिसऱ्या दिवशी काय म्हणतं ते आपल्याला ठाऊकच आहे!

मी आणखी एक प्रश्न विचारला, जो त्यांना कुणी फारसा विचारत नसावं: "हे शाकाहारी आहे का?" तर उत्तर मजेशीर निघालं. गाळ लवकर बसावा म्हणून पिंपात बहुतेक ठिकाणी आयसिंग्लास घालतात, आणि ते बनतं माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून. सूनबाईचं माहेर कट्टर शाकाहारी. तिने नवऱ्याकडे असं काही बघितलं की तो बिचारा खिडकीबाहेरचे डोंगर न्याहाळू लागला. आता पुष्कळ छोट्या ब्रुअऱ्या हे न घालता गढूळसर बिअर विकतात, तेव्हा आमच्यासारख्या घरांनी आधी विचारलेलं बरं.

वहीतली नावं

जेवताना मुलाने ती वही माझ्यापुढे ठेवली. हिशेब नव्हता त्यात. होती नावं, तारखा, चवी आणि कुठे कुणाबरोबर ते.

पहिल्या पानावर होती तिथलीच 'डोरिसेस नाइंटिएथ बर्थडे एल'. या ब्रुअरीच्या बाकी बऱ्याच बिअरना भोवतालच्या डोंगरांची नावं होती: स्किडॉ, ब्लेंकाथ्रा, हेस्टॅक्स. पण ही एक बिअर ब्रुअरीवाल्यांच्या घरातल्या डोरिस आजींच्या नव्वदाव्या वाढदिवसासाठी केली होती. लोकांना इतकी आवडली की कायमची झाली. आपण आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाला पेढे वाटतो, यांनी पिंप फोडलं!

दुसऱ्या पानावर 'लँडलॉर्ड'. यॉर्कशरमधल्या कीथली गावच्या टिमथी टेलर ब्रुअरीची. ही ब्रुअरी १८५८ पासूनची, स्वतःच्या झऱ्याचं पाणी वापरणारी. ब्रिटनची सर्वोत्तम बिअर हा मान तिने चार वेळा मिळवला आहे. मुलाने पुढे लिहिलं होतं: 'आधी संत्र्याच्या सालीचा वास, मग भाजलेल्या पोळीची चव, शेवटी कडू.'

तिसऱ्या पानावरची गोष्ट मला सगळ्यांत आवडली, कारण ती भाऊबंदकीची आहे. मॅशम नावाच्या छोट्या गावात थीकस्टन घराण्याची १८२७ पासूनची ब्रुअरी. तिची 'ओल्ड पिक्युलिअर' नावाची काळपट, गोडसर, ५.६ टक्क्यांची जड बिअर प्रसिद्ध. १९८० च्या दशकात घराण्याच्या हातून ब्रुअरी गेली आणि शेवटी एका बड्या कंपनीकडे पोचली. घराण्यातल्या पॉल थीकस्टन यांनी तिथून बाहेर पडून १९९२ साली त्याच गावात नवी ब्रुअरी काढली आणि नाव ठेवलं 'ब्लॅक शीप', म्हणजे घराण्यातलं वाया गेलेलं पोर! पुढे २००३ साली त्यांच्या चुलतभावांनी मूळ ब्रुअरी कंपनीकडून परत विकत घेतली. एका लहानशा गावात एकाच रक्ताच्या दोन ब्रुअऱ्या! आपल्याकडे एका वाड्यात भिंत घालून दोन चुली होतात, तसंच हे.

चौथ्या पानावर इंडिया पेल एलचं नाव बघून मी चमकले. इंडिया कशी आली मध्ये? तर अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनजवळच्या बो इथल्या हॉजसनच्या ब्रुअरीची बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून मुंबई-कलकत्त्याला यायची. १८२० च्या दशकात बर्टन गावच्या ब्रुअऱ्या या व्यापारात उतरल्या. तिथलं पाणी जिप्समयुक्त, त्यामुळे फिकट रंगाची, भरपूर हॉपची बिअर छान उतरे. साहेबलोक ती पीत. साध्या गोऱ्या शिपायांसाठी मात्र काळी पोर्टर मोठ्या प्रमाणावर यायची. कॅम्पातले जुने बंगले डोळ्यांसमोर आले आणि मला हसू आलं.

या सगळ्या बिअर टिकल्या त्यामागे चळवळ आहे. १९६० च्या दशकात बड्या कंपन्यांनी गावोगावच्या ब्रुअऱ्या गिळल्या, पिंपं काढून टाकली आणि सगळीकडे एकच गाळीव बिअर देऊ लागल्या. १९७१ साली आयर्लंडमध्ये सुटीवर गेलेल्या चार तरुणांनी याविरुद्ध संघटना काढली. तिचंच नाव कॅम्रा. दह्याच्या डब्यांनी घरचं विरजण बंद पाडावं आणि चार पोरांनी त्यासाठी उभं राहावं, असं काहीसं. पुढे २००२ साली सरकारनेही छोट्या ब्रुअऱ्यांचं अबकारी शुल्क निम्म्यापर्यंत कमी केलं आणि त्यांची संख्या भराभर वाढली. २०२३ पासून ती सवलत नव्या स्वरूपात सुरू आहे.

'पुरे' कोणी म्हणायचं?

हे सगळं ऐकायला छान होतं. पण माझ्या मनातली गाठ सुटत नव्हती. शेवटी विचारलंच, "चव, इतिहास सगळं खरं रे. पण दारू ती दारूच ना? तुझ्या मामालाही पहिला घोट गोडच लागला असेल."

मुलगा गप्प झाला. मग म्हणाला, "आई, तुला कार्लाइलची गोष्ट सांगतो."

पहिल्या महायुद्धात कार्लाइलजवळ ग्रेटना इथे दारूगोळ्याचा प्रचंड कारखाना उभा राहिला. हजारो कामगार आले. हातात पैसा, घर लांब. सुटी झाली की शहरात दारूचा पूर. तेव्हा १९१६ साली सरकारने शहरातल्या आणि आसपासच्या ब्रुअऱ्या आणि पब सरळ ताब्यात घेतले. पबचालक झाले सरकारचे पगारी नोकर. बिअर जास्त खपली म्हणून त्यांना एक पैसा जास्त मिळत नसे. जेवण, चहा ठेवायला प्रोत्साहन होतं. दुसऱ्याला दारू पाजण्यावर, म्हणजे 'आज माझ्याकडून' या प्रकारावर, युद्धकाळात बंदी होती. शनिवारी कडक दारू मिळत नसे. ही व्यवस्था युद्धाबरोबर संपली नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत, पन्नासहून जास्त वर्षं चालली. गंमत म्हणजे ती सरकारी ब्रुअरी पुढे विकत घेतली याच थीकस्टनवाल्यांनी.

मी ऐकत राहिले. विकणाऱ्याला जास्त विकण्यात फायदाच नाही! दादाच्या दुकानदाराचा पगार ठरलेला असता, तर त्याने उधारीची वही ठेवली असती का?

आणि मग मुलाने त्या पबचंच गुपित सांगितलं. हेस्केट न्यूमार्केटची ब्रुअरी मालकांना विकायची होती. बाहेरचा कोणी घेईल आणि बंद करेल या भीतीने गावकऱ्यांनी आणि ग्राहकांनी भागभांडवल जमवून १९९९ साली ती सहकारी तत्त्वावर विकत घेतली. २००३ साली पबही तसाच घेतला. शंभरहून अधिक भागधारक. त्यांत जवळच राहणारे प्रसिद्ध गिर्यारोहक ख्रिस बॉनिंग्टनही होते. ब्रिटनमधला सहकारी मालकीचा हा पहिला पब म्हणून ओळखला जातो. शेगडीपाशी वर्तमानपत्र वाचणाऱ्या त्या आजीही भागधारक निघाल्या! आपल्याला दूध संघ माहीत, साखर कारखाना माहीत, पतसंस्था तर गल्लोगल्ली. पण सहकारी पब? 'हे' ऐकून म्हणाले, "मग वार्षिक सभेला कोरम नक्की भरत असणार!"

परत आल्यावर काही दिवसांनी घराजवळच्या एका पबात जेवायला गेलो होतो. काउंटरवर एक मध्यमवयीन माणूस रिकामा पेला पुढे करत होता. मालकीणबाईंनी पेला घेतला आणि बाजूला ठेवला. काहीतरी हळू आवाजात म्हणाल्या, चहाचा कप पुढे सरकवला आणि कुणाला तरी फोन केला. दहा मिनिटांत त्याची बायको गाडी घेऊन आली. ना आरडाओरड, ना तमाशा. मुलगा म्हणाला, "त्यांनी त्याला सांगितलं, आज पुरे."

मला तिथेच रडू आलं. आमच्या दादाला 'पुरे' म्हणणारं कुणी नव्हतं असं नाही. आई म्हणायची, वहिनी म्हणायची, मी म्हणायची. पण जो ओतत होता तो कधी म्हणाला नाही.

त्या रात्री बाळ झोपल्यावर मुलगा माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "आई, मामाची भीती तुला एकटीलाच आहे असं वाटतं का? मलाही आहे. म्हणून तर मी घरात बाटली ठेवत नाही. म्हणून वही ठेवतो. जिथे मला नावाने ओळखतात, जिथे चार माणसं बघताहेत, तिथेच पितो. शुक्रवारी, फार तर दोन. आणि तुला फोनवर मुद्दाम सांगितलं. लपवलं असतं तर तुला कळलंही नसतं."

खरं होतं. दादाने पहिल्या दिवसापासून लपवलं होतं. माझा मुलगा पहिल्याच महिन्यात सांगत होता आणि मी फोन दुसऱ्याच्या हातात देत होते.

एक घोट

भारतात परतण्याआधी आम्ही पुन्हा एकदा हेस्केट न्यूमार्केटला गेलो. मुलाने डोरिस आजींची बिअर घेतली, अर्धा पिंट, म्हणजे २८४ मिलिलिटर. मी म्हटलं, "आण इकडे." एक घोट घेतला. थंडगार नव्हती, माठातल्या पाण्याइतकी गार. आधी करपट गुळासारखी, मग फळासारखी काहीतरी, आणि शेवटी मेथीचा कडूपणा जिभेवर रेंगाळला. वाईट नव्हती. पण दुसरा घोट काही घेतला नाही. माझ्यासाठी आपली मज्जिगीच बरी, वर कोथिंबीर आणि हिंग-जिऱ्याची फोडणी घातलेली.

छोट्या ब्रुअरीची म्हणून बिअर निरुपद्रवी होत नाही, हे मला आजही वाटतं. अल्कोहोल ते अल्कोहोलच, आणि ज्या घरात एकदा घर उद्ध्वस्त झालं आहे त्या घराने जास्तच जपावं. आता तर बेंगळुरात आणि पुण्यातही अशा छोट्या ब्रुअऱ्या निघाल्या आहेत. पुण्यात २००९ साली, बेंगळुरात त्याच सुमारास सुरुवात झाली. आपल्या घराघरांतली मुलं नोकरीला तिथेच असतात. ती तिथे जाणार. आपण विषयच काढायचा नाही, असं ठरवलं तर ती जायची थांबत नाहीत. फक्त सांगायची थांबतात.

सारायीची पाकिटं गेली, त्यांच्या जागी स्वस्त विदेशी दारूची पाकिटं आली. नुसत्या बंदीने दादासारखी माणसं वाचतात का, याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण ओतणारा हात ओळखीचा असावा, त्याला 'पुरे' म्हणता यावं आणि पिणाऱ्याला घरी येऊन खरं सांगता यावं, एवढं त्या डोंगरातल्या खेड्यात मी शिकून आले. वहिनीला हे सगळं सांगितलं तेव्हा ती बराच वेळ मशीनचं चाक नुसतं हाताने फिरवत राहिली. मग म्हणाली, "त्या बाईंनी चहा दिला त्याला? चहा?"

अजूनही शनिवारी सकाळी मुलाचा फोन येतो. आता तो मीच उचलते. नातवाची चौकशी झाली की विचारते, "काल कोणती?" तो नाव सांगतो, चव सांगतो, मी म्हणते बरं. मग विचारते, "किती?"

"एक, आई."

आणि माझा विश्वास बसतो.